विजयाला विजयाचे मोल हवे: फॉर्म्युला वनच्या गुणतक्त्याविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीची शर्यत संपली तेव्हा लँडो नॉरिस ४२३ गुणांसह फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरला आणि मॅक्स व्हर्स्टॅपन ४२१ गुणांवर राहिला. हंगामात नॉरिसने सात शर्यती जिंकल्या होत्या, व्हर्स्टॅपनने आठ. तेव्हापासून या खेळाचे मराठी चाहते जिथे भेटतात तिथे एकच वाद ऐकू येतो. जास्त शर्यती जिंकणारा हरला हा अन्याय आहे, असे एक बाजू म्हणते; वर्षभर सातत्य राखणाराच खरा विजेता, असे दुसरी म्हणते. नॉरिसच्या विजेतेपदाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सर्वांना आधीपासून ठाऊक असलेल्या नियमांनुसार त्याने ते मिळवले आहे. तो नियम मात्र बदलायला हवा, असे माझे ठाम मत आहे आणि त्याची कारणे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गुणतक्त्याकडे आपण हंगामाअखेर करायचा हिशेब म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ड्रायव्हर हेल्मेट चढवून गाडीत बसतो तेव्हाच तो तक्ता त्याच्या आणि त्याच्या इंजिनिअरच्या डोक्यात असतो. पुढच्या वळणावर आत घुसायचे की मागे राहून मिळतील ते गुण पदरात पाडून घ्यायचे, हे तो तक्ता ठरवतो. आपल्याकडच्या वाचकांना हे रणजी करंडकावरून लगेच पटेल. पहिल्या डावातील आघाडीला तीन गुण आणि निर्णायक विजयाला सहा, असे गणित असले की आघाडी हाती आलेला संघ चौथ्या दिवशी डाव घोषित करायला का कचरतो, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. दोष कर्णधाराच्या वृत्तीला दिला जातो, पण त्याला तसे खेळायला तक्त्यानेच शिकवलेले असते. म्हणून कोणत्याही गुणपद्धतीला पहिला प्रश्न हा विचारावा की ती स्पर्धकाला काय करायला लावते. तिने कोणाला विजेता ठरवले, हा प्रश्न त्यानंतरचा.

या दृष्टीने फॉर्म्युला वनचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९५० साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले तेव्हा पहिल्या पाच जणांना ८, ६, ४, ३, २ असे गुण होते आणि सर्वांत वेगवान फेरीचा एक गुण वेगळा होता. १९६० मध्ये वेगवान फेरीचा गुण काढून सहाव्या क्रमांकाला एक गुण दिला गेला. १९६१ मध्ये विजेत्याच्या आठ गुणांचे नऊ झाले आणि १९९१ मध्ये नऊचे दहा. दुसऱ्या क्रमांकाचे सहा गुण मात्र या सर्व काळात हलले नाहीत. म्हणजे विजेत्याच्या तुलनेत दुसऱ्या क्रमांकाचे मोल सुरुवातीला ७५ टक्के होते, ते कमी होत होत ६० टक्क्यांवर आले. चाळीस वर्षे या खेळाची दिशा स्पष्ट होती: दुसरा येणे चांगले, पण जिंकणे फार चांगले.

ही दिशा २००३ मध्ये एकदम उलटली. त्याआधीच्या वर्षी मायकेल शूमाकरने फ्रान्समधील मॅन्यी-कूर येथे जुलै महिन्यातच, सहा शर्यती शिल्लक असताना, विजेतेपद निश्चित केले होते. उरलेल्या हंगामात लोकांनी पाहायचे तरी काय, ही चिंता आयोजकांना लागली आणि १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असा सपाट तक्ता आला. दुसऱ्या क्रमांकाचे मोल एका झटक्यात ८० टक्के झाले. परिणाम लगेच दिसला. २००३ मध्ये शूमाकरने सहा शर्यती जिंकल्या, किमी रायकोनेनने मलेशियातील एकच जिंकली, आणि तरीही हंगामाअखेर दोघांत ९३ विरुद्ध ९१ असा अवघ्या दोन गुणांचा फरक होता. रायकोनेन त्या वर्षी सुंदर चालवत होता, यात शंका नाही. परंतु सहा विजय आणि एक विजय यांना जवळजवळ एका पारड्यात बसवणारा तक्ता स्पर्धा जवळची भासवतो, ती जवळची करत नाही. २०१० मध्ये २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ हा आजचा तक्ता आला तेव्हा हे प्रमाण ७२ टक्क्यांवर उतरले. अर्धी चूक दुरुस्त झाली आणि अर्धी राहिली.

सपाट तक्ता ड्रायव्हरला काय करायला लावतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २ नोव्हेंबर २००८ रोजी साओ पावलोच्या इंटरलागोसवर झालेली शर्यत. लुईस हॅमिल्टन ९४ गुणांवर होता आणि फेलिपे मासा ८७ वर. मासाने शर्यत जिंकली तरी हॅमिल्टनला पाचवा क्रमांक पुरेसा होता, आणि त्याच्या संघाने सगळी शर्यत त्या पाचव्या क्रमांकाच्या हिशेबाने आखली. घरच्या प्रेक्षकांसमोर मासा पहिल्यापासून आघाडीवर होता. शेवटी पाऊस आला, बहुतेकांनी पावसाळी टायर चढवले, टिमो ग्लॉकची टोयोटा मात्र कोरड्या रस्त्याच्या टायरवरच बाहेर राहिली. अखेरच्या टप्प्यात सेबॅस्टियन व्हेटेलने हॅमिल्टनला मागे टाकले आणि हॅमिल्टन सहावा झाला. मासाने विजयाची रेषा ओलांडली तेव्हा फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याचे कुटुंबीय उड्या मारत होते. काही सेकंदांनी, शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणांवर, ओल्या रस्त्यावर घसरणाऱ्या ग्लॉकला हॅमिल्टनने गाठले, तो पाचवा आला आणि ९८ विरुद्ध ९७ अशा एका गुणाने विजेता झाला. नाट्य म्हणून त्या दोन मिनिटांना तोड नाही. पण त्या नाट्याच्या मुळाशी काय होते? त्या वर्षी मासाने सहा शर्यती जिंकल्या, हॅमिल्टनने पाच, आणि जगज्जेतेपदाच्या निर्णायक दिवशी त्या काळातला सर्वांत वेगवान तरुण ड्रायव्हर पाचव्या क्रमांकासाठी गाडी सांभाळत होता. १९९१ चा १०-६-४-३-२-१ हा तक्ता २००८ च्या निकालांना लावला तर मासाचे ८३ आणि हॅमिल्टनचे ८० गुण होतात. अर्थात तो तक्ता असता तर हॅमिल्टनने अशी सावध शर्यत चालवलीच नसती, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

या वादात दुसरे टोक गाठणारेही आहेत. २००८ च्या त्या निकालानंतर फॉर्म्युला वनचे तेव्हाचे व्यावसायिक प्रमुख बर्नी एक्लस्टन यांनी ऑलिंपिकसारखी पदके द्यावीत आणि सर्वाधिक सुवर्णपदके मिळवणाऱ्याला विजेता ठरवावे, अशी कल्पना मांडली. मार्च २००९ मध्ये या खेळाचे नियम ठरवणाऱ्या एफआयए या संस्थेने तिच्याच जवळ जाणारा निर्णय जाहीरही केला होता: सर्वाधिक शर्यती जिंकणारा तो जगज्जेता, बाकी क्रमांक गुणांनी. संघांनी विरोध केला आणि काही दिवसांतच, हंगाम सुरू होण्याआधी, तो मागे घेतला गेला. ते योग्यच झाले. १९८२ चा हंगाम आठवावा. सोळा शर्यतींत अकरा वेगवेगळे विजेते झाले. प्रॉस्ट, लाउडा, पिरोनी, वॉटसन आणि आर्नू या पाच जणांनी प्रत्येकी दोन शर्यती जिंकल्या, दोनहून अधिक कोणालाच जमल्या नाहीत, आणि जगज्जेता झाला एकच शर्यत जिंकलेला केके रोझबर्ग, कारण वर्षभर तो सतत पुढच्या क्रमांकांत येत राहिला. अशा वर्षी केवळ विजय मोजले असते तर पाच जणांत बरोबरी झाली असती आणि रोझबर्गची सगळी मेहनत मातीमोल ठरली असती. सातत्याला किंमत असलीच पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की ती विजयाच्या किती जवळ असावी.

हे प्रमाण किती नाजूक आहे ते २०२५ च्या आकड्यांवरून कळते. शर्यतींचे निकाल सर्वांसमोर आहेत, त्यामुळे कोणीही वही-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे. स्प्रिंट शर्यतींचे, म्हणजे काही ठिकाणी शनिवारी होणाऱ्या छोट्या शर्यतींचे, गुण वगळले तर नॉरिसचे ३९४ आणि व्हर्स्टॅपनचे ३८९ गुण होतात. त्याच निकालांना १९९१ चा तक्ता लावला तरी १३६ विरुद्ध १३३ असा नॉरिसच विजेता राहतो, कारण त्याने आठ वेळा दुसरा क्रमांक मिळवला होता आणि व्हर्स्टॅपनने पाच वेळा. आता आजच्याच तक्त्यात केवळ विजेत्याचे २५ ऐवजी ३० करून पाहा: दोघेही ४२९ गुणांवर येतात आणि बरोबरी फोडण्याच्या नियमाने, अधिक विजयांमुळे, व्हर्स्टॅपन विजेता होतो. स्प्रिंटचे गुण तसेच ठेवले तर तो ४६१ विरुद्ध ४५८ असा जिंकतो. २०१६ ची गोष्टही अशीच आहे. निको रोझबर्ग नऊ विजयांसह ३८५ गुणांवर जगज्जेता झाला आणि हॅमिल्टन दहा विजय मिळवून ३८० वर राहिला. विजयाला ३० गुण असते तर दोघांचे ४३० झाले असते. एखादा आकडा पाचने इकडेतिकडे झाला की जगज्जेता बदलतो. म्हणूनच हा आकडा आपल्या आवडत्या ड्रायव्हरकडे पाहून ठरवता कामा नये. खेळाकडून आपल्याला काय हवे, यावरून तो ठरवावा. मला हवे ते एवढेच की दुसऱ्या क्रमांकावरच्या ड्रायव्हरला शेवटच्या दहा फेऱ्यांत पहिल्यावर हल्ला करणे फायद्याचे वाटले पाहिजे. सध्या त्याला मिळू शकतात सात गुण आणि धडक झाली तर जातात अठरा. एवढ्या जोखमीवर शहाणा माणूस हल्ला करत नाही, आणि त्याचा इंजिनिअर त्याला रेडिओवरून तसेच सांगतो.

पहिल्या-दुसऱ्यातले अंतर वाढवले तर विजेतेपदाचा निकाल फार लवकर लागेल, ही २००२ पासूनची भीती आजही बोलून दाखवली जाते. तिचे उत्तर २०२३ ने दिले आहे. त्या वर्षी व्हर्स्टॅपनने बावीसपैकी एकोणीस शर्यती जिंकल्या आणि आजच्या या तुलनेने सपाट तक्त्यातही सहा मुख्य शर्यती शिल्लक असतानाच तो जगज्जेता झाला. एखादी गाडी इतरांपेक्षा इतकी वेगवान असेल तर कोणताही तक्ता स्पर्धा जिवंत ठेवू शकत नाही. ते काम तांत्रिक नियमांचे आहे. तक्त्यावर ते लादले की जवळच्या हंगामांत विजयाची किंमत उतरते आणि एकतर्फी हंगाम एकतर्फीच राहतात.

त्या २०२३ च्या निकालातच दुसरा दोषही दडलेला आहे. व्हर्स्टॅपनचे ते जगज्जेतेपद रविवारच्या शर्यतीत निश्चित झालेच नाही. कतारमध्ये शनिवारच्या स्प्रिंटमध्ये तो दुसरा आला आणि काम झाले. जगातील सर्वांत मोठे मोटारशर्यतीचे विजेतेपद सुमारे शंभर किलोमीटरच्या छोट्या शर्यतीत, दुसरा क्रमांक मिळवून ठरते, हे मला मनापासून खटकते. २०२१ मध्ये स्प्रिंट सुरू झाली तेव्हा पहिल्या तिघांना ३, २, १ असे गुण होते. २०२२ पासून पहिल्या आठ जणांना ८ ते १ गुण मिळू लागले आणि २०२३ पासून हंगामात अशा सहा शर्यती होतात. स्प्रिंट मुख्य शर्यतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते आणि तिच्या विजेत्याला गुणही साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे आहेत, तेव्हा प्रमाण बिघडलेले नाही, असा युक्तिवाद होतो आणि आकड्यांपुरता तो बरोबर आहे. पण स्प्रिंट चोवीसपैकी सहाच ठिकाणी होते. ज्या सहा सर्किटवर ती ठेवली जाते तिथे ज्याची गाडी चांगली चालते त्याला जास्तीचे गुण मिळवायची संधी मिळते, आणि ती सहा ठिकाणे खेळाच्या नव्हे तर व्यवसायाच्या गणिताने निवडली जातात. शिवाय शनिवारी गाडी ठोकली तर रविवारची शर्यत धोक्यात येते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर बहुतेकजण आपापल्या जागा धरून बसतात. स्प्रिंट लोकांना आवडत असेल तर जरूर ठेवावी. तिचा स्वतंत्र करंडक असावा, स्वतंत्र बक्षीस असावे. जगज्जेतेपदाच्या गुणांत ती मिसळू नये.

वेगवान फेरीच्या गुणाबद्दल फार लिहायला नको, कारण २०२५ पासून तो रद्दच झाला आहे. मात्र तो का गेला हे लक्षात ठेवावे, कारण अशा कल्पना दर काही वर्षांनी परत येतात. १९५४ मध्ये सिल्व्हरस्टोनला फेरीची वेळ पूर्ण सेकंदांतच मोजली जात होती, त्यामुळे सात ड्रायव्हरांची वेगवान फेरी सारखी निघाली आणि एका गुणाचे सात तुकडे करून वाटावे लागले. १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉसने चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एक, आणि हॉथॉर्न ४२ विरुद्ध ४१ असा एका गुणाने जगज्जेता झाला. वेगवान फेऱ्यांचे हॉथॉर्नला पाच गुण होते आणि मॉसला तीन. त्याच हंगामात पोर्तुगालमध्ये हॉथॉर्नला बाद ठरवण्याचा प्रश्न आला तेव्हा मॉसने स्वतः पंचांपुढे जाऊन त्याच्या बाजूने साक्ष दिली आणि त्याचा दुसरा क्रमांक वाचवला होता. मॉसला आयुष्यात जगज्जेतेपद कधीच मिळाले नाही. हा गुण २०१९ मध्ये परत आला, आणि २०२४ च्या सिंगापूर शर्यतीत अठराव्या क्रमांकावर असलेल्या डॅनियल रिकियार्डोने शेवटी नवे मऊ टायर चढवून वेगवान फेरी नोंदवली. पहिल्या दहांत नसल्याने त्याला स्वतःला गुण मिळणार नव्हता. आघाडीवरच्या नॉरिसचा मात्र गेला. रिकियार्डोचा संघ आणि नॉरिसशी विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या व्हर्स्टॅपनचा संघ एकाच मालकीचे होते. हेतू काय होता यात मी शिरत नाही. ज्या नियमामुळे असा हेतू असू शकतो असे लोकांना वाटते, तो नियम वाईट असतो.

शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण देण्याचा २०१४ मधला प्रयोग त्याच जातीचा होता. अबू धाबीला जिंकणाऱ्याला ५० गुण मिळणार होते. सुदैवाने त्यामुळे निकाल उलटला नाही, हॅमिल्टनने शर्यत जिंकली, ३८४ विरुद्ध ३१७ असा तो विजेता ठरला आणि वर्षअखेरीस तो नियम गुंडाळला गेला. पण एकाच शर्यतीतला बिघाड इतर शर्यतींतल्या बिघाडाच्या दुप्पट महाग का पडावा, याचे उत्तर तेव्हाही कोणी दिले नव्हते.

आता तक्त्याच्या खालच्या टोकाकडे येतो. याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. आजच्या पद्धतीत अकराव्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत सर्वांना शून्य. गाड्या पूर्वीसारख्या वाटेत बंद पडत नाहीत. २०२५ पर्यंत वीसपैकी सतरा-अठरा गाड्या शर्यत पूर्ण करत. त्यामुळे पुढचे चार-पाच संघ पहिल्या दहा जागा भरतात आणि मागच्या संघांना वर्षातून एकदोनदा, पाऊस किंवा अपघात झाला तरच काही मिळते. संघांच्या क्रमवारीवर बक्षिसाची रक्कम अवलंबून असते, म्हणजे एका छोट्या कारखान्यातल्या दोन-अडीचशे माणसांची नोकरी अशा एखाद्या ओल्या दुपारवर लटकते.

ही अतिशयोक्ती नाही. २०१६ मध्ये पास्काल वेहरलाइनने ऑस्ट्रियात दहावा क्रमांक मिळवून मॅनॉर या सर्वांत लहान संघाला एक गुण मिळवून दिला. त्या गुणावर मॅनॉर साउबरच्या पुढे दहाव्या स्थानी होता, आणि मोठी बक्षीसरक्कम पहिल्या दहा संघांसाठी होती. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला मुसळधार पाऊस झाला, त्या गोंधळात साउबरचा फेलिपे नासर नववा आला आणि दोन गुण घेऊन गेला. साउबर दहावा, मॅनॉर अकरावा. जानेवारी २०१७ मध्ये मॅनॉर प्रशासकांच्या हाती गेला आणि पुढच्या हंगामाआधीच बंद पडला. नासरची त्या दिवसाची कामगिरी उत्तम होती, तिच्यावर मला काडीचाही आक्षेप नाही. पण एकवीस शर्यतींत या दोन संघांच्या चार गाड्या एकमेकांशी झुंजल्या, कोणी चौदावा आला, कोणी सोळावा, आणि त्या सगळ्या झुंजी कागदावर शून्य ठरल्या. क्रमवारी ठरली ती दोन दुपारी. मोटारसायकलींच्या मोटोजीपीमध्ये पंधराव्या क्रमांकापर्यंत गुण आहेत आणि तिथे बाराव्या-तेराव्या जागेसाठीही शेवटच्या वळणापर्यंत चुरस असते. २०२४ मध्ये फॉर्म्युला वनमध्येही बारा जणांना गुण देण्याचा प्रस्ताव चर्चेला आला होता, पण तो पुढे गेला नाही. जास्त जणांना गुण दिले तर गुणांची किंमत उतरेल, असे विरोधक म्हणतात. किंमत गुण मिळण्याने ठरत नाही, किती मिळाले याने ठरते. पंधराव्याला एक आणि पहिल्याला चाळीस असतील तर कोणीही त्या एकाची चाळीसशी गल्लत करणार नाही.

भारतीय वाचकांना गुणांच्या या दुर्मीळतेची जाणीव वेगळ्या कारणानेही असायला हवी. नारायण कार्तिकेयनचे फॉर्म्युला वनमधले सगळे गुण एकाच शर्यतीतले आहेत. २००५ मध्ये इंडियानापोलिसला टायरच्या धोक्यामुळे मिशलिनचे टायर वापरणारे सर्व संघ शर्यतीआधीच्या संथ फेरीनंतर गॅरेजमध्ये परतले, सहाच गाड्या धावल्या, आणि जॉर्डनच्या कार्तिकेयनने चौथा येऊन पाच गुण मिळवले. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय. त्या गुणांना कोणी दुय्यम म्हणू नये, कारण त्याने पूर्ण अंतर कापले आणि दोघांना मागे ठेवले. परंतु त्याच हंगामात इतर शर्यतींत त्याने कमकुवत गाडी घेऊन जे क्रमांक मिळवले, त्यांची नोंद तक्त्यात कुठेच नाही. एखाद्या ड्रायव्हरची वर्षभराची खरी कुवत दाखवायची असेल तर तक्ता अधिक खोल असला पाहिजे. याच ओघात फोर्स इंडियाचेही सांगतो. २०१८ मध्ये संघ आर्थिक अडचणीत सापडला, मालकी बदलली आणि बेल्जियमपासून नव्या नावाने नवी नोंदणी झाली, तेव्हा संघाने तोवर मिळवलेले ५९ गुण पुसले गेले. ड्रायव्हरांचे मात्र कायम राहिले. तीच गाडी, तीच माणसे, तेच क्रमांक. रस्त्यावर मिळवलेले गुण कागदोपत्री कारणाने जाऊ नयेत, एवढी तरतूद नियमांत असायला हवी.

थांबवलेल्या शर्यतींच्या गुणांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे, म्हणून थोडक्यात. २०२१ मध्ये बेल्जियममधील स्पाला पावसामुळे सेफ्टी कारच्या, म्हणजे सर्वांना संथ चालायला लावणाऱ्या गाडीच्या, मागे मोजक्या फेऱ्या झाल्या, एकानेही कोणाला मागे टाकले नाही आणि तरी अर्धे गुण वाटले गेले. २०२२ मध्ये जपानमधील सुझुकाला त्रेपन्नपैकी अठ्ठावीस फेऱ्या झाल्या आणि नियमाच्या शब्दरचनेमुळे पूर्ण गुण मिळाले. आपण जगज्जेते झालो की नाही, हे खुद्द व्हर्स्टॅपनला गाडीतून उतरल्यावरही नक्की कळत नव्हते. आता अंतराच्या प्रमाणात विजेत्याला ६, १३ किंवा १९ गुण मिळतात आणि सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज काहीच मिळत नाही. हा चांगला नियम आहे.

माझी सूचना अशी आहे. मुख्य शर्यतीत पहिल्या पंधरा जणांना ४०, २४, २०, १७, १४, १२, १०, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण द्यावेत. याखेरीज कशालाही, म्हणजे स्प्रिंटला, वेगवान फेरीला किंवा पोलला (सर्वांत पुढून सुरुवात करण्याच्या मानाला), जगज्जेतेपदाचे गुण नसावेत. आणि सर्व शर्यतींचे मोल सारखे असावे. यात दुसऱ्या क्रमांकाचे प्रमाण पुन्हा ६० टक्क्यांवर येते आणि पहिल्या जागेसाठी झुंजणाऱ्याला सोळा गुण मिळवायचे असतात. दुसऱ्यापासून पुढे उतार मुद्दाम सौम्य ठेवला आहे, म्हणजे केके रोझबर्गसारख्याच्या सातत्याला न्याय मिळेल. प्रामाणिकपणासाठी हेही नमूद करतो की २०२५ च्या निकालांना हा तक्ता लावला तर व्हर्स्टॅपनचे ५८७ आणि नॉरिसचे ५७६ गुण होतात. नॉरिसच्या चाहत्यांनी यावरून माझ्यावर पक्षपाताचा आरोप करू नये. या तक्त्याखाली इटलीत किंवा ऑस्टिनमध्ये दुसरा येणारा नॉरिस कदाचित दुसरा राहायला तयार झाला नसता, आणि ती शर्यत पाहायला मला अधिक आवडले असते. पूर्वीप्रमाणे सर्वांत वाईट निकाल वगळण्याची पद्धत आणावी, असेही काही जाणकार सुचवतात. त्या पद्धतीत १९८८ मध्ये अॅलन प्रॉस्टचे एकूण १०५ गुण झाले आणि आयर्टन सेनाचे ९४, पण उत्तम अकरा निकालच धरायचे असल्याने सेना ९० विरुद्ध ८७ असा जगज्जेता झाला. त्या पद्धतीमुळे ड्रायव्हर धाडस करत, हे खरे. पण हंगामाच्या मध्यावर कोण पुढे आहे हे सामान्य प्रेक्षकाला सांगता येत नसेल तर ती पद्धत त्याला खेळापासून दूर नेते. विजयाला पुरेसे गुण असले की धाडस आपोआप येते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती करून थांबतो. फॉर्म्युला वनच्या निकालाची चौकट छापताना बहुधा पहिले तीन क्रमांक आणि एकूण गुण एवढेच दिले जातात. त्याऐवजी शर्यतीचे गुण आणि स्प्रिंटचे गुण वेगळ्या रकान्यांत द्यावेत, विजयांची संख्या द्यावी, आणि जागा असेल तर पंधराव्या क्रमांकापर्यंतची नावे छापावीत. एवढे आकडे समोर असले की वाचकांना वर मांडलेला हिशेब दर सोमवारी स्वतःच करून पाहता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे